जुन्या गाडीचा रंग: उजळायचा, पण राखून

आजचा विषय जरा वेगळा आहे. बचतगट, पापड-लोणची, बाळाचं लसीकरण या आपल्या नेहमीच्या विषयांमध्ये आज एक मोटारगाडी येऊन उभी राहिली आहे. त्याला कारण एका मैत्रिणीचा फोन. तिच्या सासऱ्यांची १९७० च्या आसपासची फिएट घराच्या पडवीत उभी आहे. सासरे आता नाहीत. हिवाळ्यात जवळच्या शहरात जुन्या गाड्यांचं प्रदर्शन भरणार आहे आणि गाडी तिथे न्यावी, अशी सासूबाईंची फार इच्छा आहे. रंग मात्र फिका पडलाय, हात लावला की बोटाला पांढरट भुकटी लागते. गॅरेजवाला म्हणतो, ‘मशीन मारून एका दिवसात नवी करून देतो.’ मैत्रीण विचारते, ‘ताई, द्यावी का त्याच्याकडे? की घरी काही करता येईल?’

आमचं उत्तर थोडक्यात असं: लगेच देऊ नका. गाडीवरचा मूळ रंग एकदाच मिळतो. तो घासून गेला की परत आणता येत नाही. नवा रंग लावता येतो, पण तो सासऱ्यांच्या गाडीचा रंग नसतो. जुन्या गाड्यांचे परीक्षकही हा फरक बरोबर ओळखतात. चार दिवसांची सवड, स्वच्छ फडकी आणि थोडा धीर असेल, तर बरंचसं काम घरीच होतं. कसं, ते आज पाहू. ज्यांच्या दारात जुनी गाडी नाही त्यांनीही ऐका, कारण हीच रीत स्कूटरला, लोखंडी कपाटाला आणि जुन्या शिवणयंत्रालाही बरीचशी लागू पडते.

ही गाडी आपल्याकडचीच

फिएट हे नाव इटलीचं असलं तरी आपल्या रस्त्यांवरची फिएट मुंबईतल्या कुर्ल्याच्या कारखान्यात बनायची. सोलापुरात जन्मलेल्या वालचंद हिराचंद यांच्या उद्योगसमूहाने प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी उभी केली. १९६४ पासून तिथे फिएट ११०० डिलाइट तयार होऊ लागली. पुढे १९७० च्या दशकात तिचंच नाव प्रीमियर पद्मिनी झालं. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणून ती सगळ्यांच्या ओळखीची. २०२३ च्या ऑक्टोबरअखेर मुंबईच्या रस्त्यांवरून पद्मिनी टॅक्सीने निरोप घेतला. म्हणजे काल-परवापर्यंत जी गाडी रोजची होती, ती आता जपून ठेवायची वस्तू झाली आहे.

जुन्या गाड्या जपणाऱ्यांची ‘फिवा’ नावाची एक जागतिक संस्था आहे, १९६६ साली स्थापन झालेली. तिच्या मते ३० वर्षांहून जुनी आणि मूळ स्वरूपात राखलेली गाडी ऐतिहासिक समजायची. आपल्याकडे केंद्र सरकारच्या २०२१ च्या नियमांप्रमाणे पहिल्या नोंदणीला ५० वर्षं झालेली, मूळ रूपात असलेली गाडी ‘विंटेज’ म्हणून नोंदवता येते. दोन्हीकडे एक शब्द सारखा आहे: ‘मूळ’. आज आपण जे काही करणार आहोत, ते हा शब्द लक्षात ठेवूनच करायचं.

रंग फिका का पडतो

आजकालच्या गाडीवर रंगाचे दोन थर असतात. खाली रंगाचा थर आणि त्यावर काचेसारखा पारदर्शक थर. आपण पुसतो, घासतो तो हा वरचा थर. जुन्या गाड्यांवर असा पारदर्शक थर नसायचा. अस्तर, म्हणजे प्रायमर, आणि त्यावर थेट रंग. हवा, ऊन, पाऊस, फडकं, सगळं त्या रंगानेच सोसायचं.

रंगात मुख्य दोन गोष्टी असतात. एक, रंगाची बारीक पूड. दुसरी, त्या पुडीला धरून ठेवणारा चिकट पदार्थ. उन्हातले अतिनील किरण हा धरून ठेवणारा पदार्थ हळूहळू मोडतात. मग वरची पूड मोकळी होते आणि बोटाला लागते. भिंतीचा चुना जुना झाला की जसा हाताला लागतो, तसंच हे. लाल रंग तर उन्हात फार लवकर मरतो.

चकाकीचं गणितही सोपं आहे. विहिरीचं पाणी निवांत असेल तर त्यात चेहरा दिसतो. वारा आला, तरंग उठले की चेहरा मोडतो. पृष्ठभाग सपाट असेल तर प्रकाश एका दिशेने परततो आणि आपल्याला चकाकी दिसते. पृष्ठभाग खडबडीत झाला की प्रकाश विखुरतो आणि रंग मळकट दिसतो. पॉलिश करणं म्हणजे वरची मेलेली पूड काढून पृष्ठभाग पुन्हा सपाट करणं. याचा अर्थ नीट लक्षात घ्या: प्रत्येक पॉलिशमध्ये थोडा रंग जातोच.

किती रंग असतो मुळात? नव्या गाडीवर अस्तरापासून वरपर्यंत सगळे थर मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉन. आपला केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो. म्हणजे दोन केसांच्या जाडीइतका सगळा मामला. पन्नास वर्षांत या गाडीला कितीदा घासलं असेल, कोण जाणे. आता त्यावर लोकरीचं पॅड लावलेलं फिरतं मशीन आणि खरखरीत रबिंग कंपाउंड चालवलं, तर बॉनेटच्या कडा आणि दरवाजाच्या उंच रेषा काही मिनिटांत अस्तरापर्यंत उघड्या पडू शकतात. म्हणून आम्ही म्हणालो, लगेच देऊ नका.

आधी गाडी वाचा

पहिला दिवस फक्त पाहण्याचा. सकाळच्या तिरप्या उन्हात गाडीभोवती फिरा आणि वहीत लिहून ठेवा. कुठे फुगे आलेत, कुठे गंज आहे, कुठे रंगाची छटा वेगळी आहे. एखादाच दरवाजा वेगळा दिसत असेल तर तो कधीतरी पुन्हा रंगवलेला असणार.

दोन चाचण्या घरीच करता येतात. पहिली फडक्याची. दरवाजाच्या आतल्या बाजूला, जिथे सहसा नजर जात नाही तिथे, पांढऱ्या फडक्यावर थेंबभर साधं पॉलिश घेऊन हलक्या हाताने चोळा. फडक्याला गाडीचा रंग लागला तर रंग एक-थरी आहे. काहीच लागलं नाही तर वर पारदर्शक थर आहे, म्हणजे गाडी मागाहून रंगवलेली असण्याचा संभव जास्त. रंग जर चांदीसारख्या कणांचा असेल आणि फडक्याला करडा-काळा डाग लागला, तर मात्र घरी घासू नका. त्या रंगातले ॲल्युमिनियमचे कण उघडे पडले की डाग पक्के होतात.

दुसरी चाचणी लोहचुंबकाची. छोटं चुंबक पातळ फडक्यात गुंडाळून पत्र्यावर ठिकठिकाणी लावा. जिथे चुंबक धरत नाही, तिथे खाली लांबी, म्हणजे पुटी, भरलेली आहे. अशी जागा घासताना जपायचं. शहरात चांगल्या डिटेलिंगवाल्याकडे रंगाची जाडी मोजायचं छोटं यंत्र असतं. ते पत्र्याला लावलं की आकडा दाखवतं. आकडा ३०० च्या पुढे असेल तर तिथे पुन्हा रंगकाम किंवा पुटी झाली असं समजा. तो १०० च्या बऱ्याच खाली असेल, तर तिथे मशीन नकोच.

आणि जिथे करडं किंवा तांबूस अस्तर आधीच डोकावतंय, ती जागा तशीच राहू द्या. ते वय आहे. ते लपवायची गरज नाही.

धुण्याची रीत

रंगावरचे बहुतेक ओरखडे चुकीच्या धुण्याने पडतात. धूळ म्हणजे बारीक दगडच. ती कोरड्या फडक्याने पुसली की आपण गाडीला दगडानेच घासतो. घरातलं स्टीलचं ताट दिव्याखाली तिरपं धरून पाहा. काथ्याने घासल्याच्या बारीक रेषा दिव्याभोवती गोल जाळ्यासारख्या दिसतात. गाडीच्या रंगावरही उन्हात तसंच जाळं दिसतं. खरं तर ओरखडे सगळ्या दिशांनी असतात, पण दिव्याभोवती आडवे आलेले तेवढेच चमकतात.

म्हणून रीत अशी. गाडी सावलीत, पत्रा थंड असताना धुवा. आधी नुसतं पाणी सोडून धूळ वाहू द्या. मग दोन बादल्या घ्या: एकीत गाडीचा शॅम्पू घातलेलं पाणी, दुसरीत साधं पाणी. फडकं शॅम्पूच्या बादलीत बुडवायचं, टपापासून सुरुवात करून खाली यायचं, आणि प्रत्येक भागानंतर साध्या पाण्यात खळबळून मगच परत शॅम्पूत. माती दुसऱ्या बादलीत राहते, गाडीवर परत येत नाही. हात सरळ रेषेत चालवा, गोल गोल नाही. चाकांसाठी वेगळं फडकं ठेवा. ते चुकूनही बॉनेटला लागता कामा नये.

कपड्यांची पावडर वापरू नका, ती क्षारयुक्त असते. भांड्यांचा साबणही नको, तो जुन्या रंगातला उरलासुरला तेलकटपणा ओढून घेतो. बोअरचं पाणी जड असेल तर ते गाडीवर वाळू देऊ नका. थेंबांच्या जागी पांढरे डाग बसतात. पागोळ्यांचं साठवलेलं, गाळलेलं पाणी असेल तर शेवटच्या धुण्याला ते उत्तम. डाग पडलेच असतील तर व्हिनेगर आणि पाणी सारख्या प्रमाणात घेऊन फडक्याने टिपा आणि लगेच धुऊन टाका.

धुऊन झाल्यावर चारही दरवाजे, बॉनेट आणि डिकी उघडून ठेवा. दरवाजाच्या खालच्या कडेला पाणी निघून जायला बारीक भोकं असतात. ती मातीने बुजली असतील तर काडीने मोकळी करा. जुन्या गाड्यांना गंज बाहेरून कमी आणि या साठलेल्या पाण्याने आतून जास्त लागतो.

फडक्यांबद्दल दोन शब्द. मायक्रोफायबरची चांगली फडकी घ्या. त्यांचं लेबल कापून टाका, त्याच्या कडेनेही ओरखडा पडतो. ती सुती कपड्यांबरोबर धुऊ नका, नाहीतर सुताचे तंतू त्यांत अडकतात. कपडे मऊ करायचं द्रव्यही त्यांना लावू नका. आणि फडकं जमिनीवर पडलं तर ते लगेच बाजूला टाका, झटकून परत वापरू नका. हा नियम मोडायचा मोह फार होतो.

मातीने साफ करणं

धुतल्यावर हाताला पातळ प्लॅस्टिकची पिशवी घालून बोटं रंगावरून हलकेच फिरवा. नुसत्या हाताला न कळणारी खरखर पिशवीतून लगेच कळते. झाडांचा चीक, रस्त्यावरचं डांबर आणि ब्रेकमधून उडालेले लोखंडाचे कण रंगात रुतून बसलेले असतात.

त्यासाठी गाडीच्या सामानाच्या दुकानात ‘क्ले बार’ मिळतो. कणकेच्या गोळ्यासारखी ही मऊ माती असते. पोळीच्या गोळ्याएवढा तुकडा घ्या, हाताने चपटा करा, रंगावर भरपूर शॅम्पूचं पाणी शिंपडा आणि माती वजन न देता पुढेमागे सरकवा. खरखर थांबली की पुढच्या भागाकडे जा. मातीची मळलेली बाजू आत दुमडत राहा. ती खाली पडली तर टाकून द्या, कारण मग तिच्यात वाळूचे कण असतात. रंग जिथे फुगलाय किंवा पोपडे सुटलेत तिथे माती अजिबात लावू नका.

कोरड्या रंगाला आधी तेल, मग पॉलिश

आता महत्त्वाचा भाग. बहुतेक लोक धुणं झालं की लगेच घासायला घेतात. एक-थरी जुन्या रंगाला आधी तेलकटपणा द्यायचा असतो. कोरड्या पडलेल्या टाचांना आपण आधी घासतो की रात्री तेल लावून ठेवतो? इथेही तसंच.

‘ग्लेझ’ नावाचं एक मुलायम, तेलयुक्त द्रव मिळतं. त्यात घासणारे कण नसतात किंवा नावापुरते असतात. घेताना दुकानदाराला ‘जुन्या, एक-थरी रंगासाठी’ असं सांगून मागा. मऊ सुती टॉवेलच्या तुकड्यावर सढळ हाताने ग्लेझ घ्या आणि एका वेळी दोन-अडीच फुटांचा भाग चांगला चोळा. फडक्याला गाडीचा रंग लागेल. घाबरू नका, ती मेलेली पूड आहे. मग जाड थर तसाच ठेवून रात्रभर सोडा. सकाळी मऊ फडक्याने पुसा आणि गरज वाटली तर पुन्हा एकदा करा.

यात नेमकं काय होतं? मेलेला रंग जिवंत होत नाही. कोरड्या शहाबादी फरशीवर पाणी पडलं की तिचा रंग जसा गडद, खोल दिसतो, तसं तेल सूक्ष्म छिद्रांमध्ये शिरून रंगाला खोली देतं. शिवाय पुढचं घासणं रंगाला सुसह्य होतं. कोरडा रंग घासला की तो भराभर झडतो.

गाड्यांच्या पॉलिशचं आणि लाकडी फर्निचरचं नातंही जुनं आहे. मेग्वायर्स ही आज जगभर गाड्यांच्या पॉलिशसाठी ओळखली जाणारी कंपनी १९०१ साली अमेरिकेत सुरू झाली, ती फर्निचरच्या पॉलिशने. तेव्हा मोटारीसुद्धा घोडागाडीसारख्याच ब्रशने वार्निश चढवून रंगवत आणि थरावर थर वाळायला आठवडे लागत. १९२३-२४ मध्ये ‘ड्युको’ नावाचा झटपट वाळणारा, फवारून मारायचा रंग आला आणि हे चित्र बदललं. आपले सुतार आजही कपाटाला ‘ड्युको मारू का’ असं विचारतात, तो शब्द तिथून आलेला.

पॉलिश: कमीत कमी

तेल पाजून झाल्यावर गाडी पुन्हा पाहा. कित्येकदा इथेच पुरेसं काम झालेलं असतं. नसेल, तर दुकानातलं सर्वांत सौम्य पॉलिश घ्या. आधी वीतभर जागेवर करून पाहा, उन्हात नेऊन तपासा, पटलं तरच पुढे जा. सौम्य पॉलिशने भागत असेल तर त्याहून कडक घ्यायचं नाही. आमटीत मीठ घालतो तसं हे आहे. वाढवता येतं, काढता येत नाही.

कडा, उंच रेषा, नावाची अक्षरं आणि खिडक्यांची रबरं यांवर आधी चिकटपट्टी लावा. रंगकामाची कागदी पट्टी घ्या, पॅकिंगची प्लॅस्टिकची नको. कडांवर रंग मुळातच पातळ असतो आणि जोर मात्र तिथेच सगळ्यात जास्त पडतो. घासलेल्या जागेवर मधूनमधून हात ठेवा. पत्रा गरम लागला तर थांबा.

मशीन वापरायचंच असेल, तर त्यात दोन प्रकार असतात हे माहीत असू द्या. एक नुसतं गरागरा फिरणारं. ते एका जागी उष्णता साठवतं आणि नवख्या हातात धोकादायक ठरतं. दुसरं फिरता फिरता थरथरणारं, ‘ड्युअल ॲक्शन’ म्हणतात त्याला. ते सावकाश काम करतं, पण रंग जाळण्याची भीती कमी. गॅरेजवाल्याला गाडी द्यायची वेळ आली तर हे तीन प्रश्न विचारा: ‘मशीन कुठलं? पॅड लोकरीचं की स्पंजाचं? आधी छोट्या जागेवर करून दाखवाल का?’ जाणता कारागीर या प्रश्नांनी खूश होईल. जो चिडेल, त्याच्याकडे गाडी सोडू नका.

घरगुती युक्त्यांबद्दलही बोलून घेऊ. टूथपेस्टमध्ये घासणारे कण असतात, त्यांचा अंदाज येत नाही. चिंच, राख, पितळेची पावडर ही भांड्यांसाठी, रंगासाठी नव्हे. रॉकेलने गाडी पुसायची सवय अनेक घरांत आहे. तात्पुरती चमक येते, पण तेलकट थरावर धूळ बसते आणि रबरं खराब होतात. खोबरेल तेलाचंही तेच, चमक दोन दिवस आणि धूळ महिनाभर.

मेणाचं पांघरूण

पॉलिशने चमक येते, ती टिकते मेणाने. यातलं नावाजलेलं मेण म्हणजे कार्नोबा. ईशान्य ब्राझीलमध्ये वाढणाऱ्या एका ताडाच्या जातीच्या झाडाच्या पानांवर ते तयार होतं. कडक उन्हात पानातलं पाणी उडू नये म्हणून झाडानेच केलेली ती सोय. मधमाशीचं मेण ६२ ते ६४ अंशांना वितळतं, कार्नोबा ८० अंशांच्या पुढे. आपल्या उन्हात तापलेल्या बॉनेटवर ते का टिकतं, हे यावरून कळेल. शुद्ध कार्नोबा दगडासारखं कडक असतं, म्हणून डब्यातल्या मेणात ते इतर तेलं आणि द्रावकांत मिसळलेलं असतं.

मेण लावायचं ते अगदी पातळ. जाड थराने संरक्षण वाढत नाही, पुसायला त्रास मात्र वाढतो. सावलीत, थंड पत्र्यावर लावा, धूसर झालं की स्वच्छ फडक्याने पुसा, फडकं उलटून शेवटचा हात फिरवा. काळ्या रबराला मेण लागू देऊ नका, पांढरे डाग पडतात. हे पांघरूण काही आठवडे, फार तर दोनेक महिने टिकतं. कृत्रिम सीलंट त्याहून जास्त टिकतं.

आणि सिरॅमिक कोटिंग? नव्या गाडीला ते चांगलं आहे. ते वर्षानुवर्षं टिकतं, पण काढायचं झालं तर घासूनच काढावं लागतं, आणि घासायला आपल्याकडे रंग शिल्लक नाही. मूळ एक-थरी रंगाला मेणच बरं. लावलं, पुसलं, पुढच्या वर्षी पुन्हा लावलं. सिलिकॉनयुक्त पॉलिशपासूनही जरा दूर राहा. पुढे कधी छोटी जागा रंगवायची झाली तर सिलिकॉनमुळे नवा रंग माशाच्या डोळ्यांसारखे गोल खड्डे धरतो आणि रंगारी कपाळाला हात लावतो.

क्रोमच्या बंपरवर हलका गंज असेल तर ॲल्युमिनियम फॉइलचा बोळा पाण्यात बुडवून हळूच घासा. फॉइल क्रोमपेक्षा मऊ असतं, त्यामुळे गंज जातो आणि क्रोमला ओरखडा पडत नाही. मात्र क्रोमचा पापुद्रा सुटलेला असेल तर हात लावू नका.

आपली तब्येत आधी

जुन्या रंगांत, विशेषतः पिवळ्या आणि लाल छटांमध्ये, शिसं असू शकतं. म्हणून जुना रंग कोरड्या पॉलिश-पेपरने कधीही घासू नका. त्याची धूळ श्वासातून आणि हातांवरून पोटात जाते, आणि लहान मुलांच्या मेंदूला शिशाने कायमची इजा होते. काम करताना हातमोजे घाला, मुलांना आणि गरोदर बाईला जवळ येऊ देऊ नका. फडकी घरच्या कपड्यांबरोबर धुऊ नका आणि जेवायला बसण्यापूर्वी हात साबणाने धुवा. जवसाच्या तेलाचं पॉलिश लाकडावर वापरलं असेल, तर त्याची फडकी बोळा करून कोपऱ्यात टाकू नका. ती आपोआप तापून पेट घेऊ शकतात. ती पसरून वाळवा.

प्रदर्शनाआधी आणि नंतर

प्रदर्शनं बहुधा हिवाळ्यात भरतात, आणि नेमका तेव्हाच आंबा मोहोरतो. मोहोरावरच्या तुडतुड्यांचा मधासारखा चिकटा खाली गळतो. तेव्हा तयार गाडी आंब्याखाली उभी करू नका. पक्ष्याची घाण पडली तर ओलं फडकं काही मिनिटं ठेवून मऊ होऊ द्या आणि उचलून घ्या, घासू नका. ती उन्हात वाळू दिली तर रंगावर कायमचा ठसा उमटतो.

प्लॅस्टिकची ताडपत्री गाडीवर थेट टाकू नका. खाली दमट हवा कोंडते, रंगाला फुगे येतात. कोकणात तर एका पावसाळ्यात नुकसान दिसतं. हवा खेळणारं सुती कापड वापरा, आणि तेही गाडी स्वच्छ असतानाच घाला. धुळीवर घातलेलं कापड वाऱ्याने हललं की रात्रभर गाडी घासत राहतं.

प्रदर्शनाच्या सकाळी फार काही करायचं नसतं. प्रवासाची धूळ पाण्याने उतरवा, मऊ फडक्याने टिपा, काचा आणि क्रोम पुसा. परीक्षक फक्त चमक पाहत नाहीत. रंग त्या सालचा आहे का, दिवे-आरसे मूळचे आहेत का, बॉनेटखाली काय आहे, आतली बैठक कशी आहे, हे सगळं पाहतात. एखादा जुना ओरखडा दिसला तर लाजू नका. तो कसा पडला हे सासूबाईंना विचारून ठेवा, लोक ते ऐकायला थांबतात.

आणि कागद. सासरे गेले असतील तर गाडी वारसाच्या नावावर करून घ्यायला हवी. त्यासाठी आरटीओत फॉर्म ३१ भरायचा असतो, आणि तो मृत्यूनंतर तीन महिन्यांत देणं अपेक्षित असतं. उशीर झाला असेल तरी आरटीओत जाऊन विचारा. विंटेज नोंदणी करायची असेल तर नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये आहे. ती १० वर्षं चालते, आणि त्यावर गाडी रोजच्या वापराला किंवा भाड्याने नेता येत नाही. आमचं एक सांगणं आहे. घरातल्यांनी बसून विचार करा की गाडी कोणाच्या नावावर व्हावी. पन्नास वर्षं ती जपण्यात ज्यांचा हात आहे, त्या सासूबाईंचं नाव या चर्चेत सगळ्यात आधी यावं, आपोआप थोरल्या मुलाचं नव्हे.

तर मैत्रिणींनो, आजचं सार एवढंच. आधी पाहा, मग धुवा, मातीने साफ करा, तेल पाजा, गरज असेल तरच आणि तेवढंच घासा, शेवटी मेण लावा. शंका आली तर थांबा, कारण थांबल्याने रंग जात नाही. तुमच्या घरी अशी जुनी गाडी, स्कूटर किंवा यंत्र असेल तर आम्हाला जरूर कळवा. पुढच्या भागात पावसाळ्याआधी लोखंडी दारं-खिडक्यांचा गंज कसा काढायचा, ते सांगू. नमस्कार.